नाचणीवरच्या तबकड्या

माझ्याकडच्या एका फिल्ममध्ये खुर्ची बाळंत होते. तिला तीन स्टुलं होतात, आणि धाकट्या स्टुलाचा एक पाय आखूड निघतो म्हणून घरातली बाकीची भांडीकुंडी त्याला नावं ठेवतात. हे कुणाला सांगितलं की तो आधी हसतो, मग माझ्याकडे जरा निरखून बघतो आणि मग विचारतो, "पण याचा अर्थ काय?" महाडमध्ये राहून या प्रश्नाला मी इतक्यांदा तोंड दिलंय की आता सरळ सांगते, अर्थ नाही, खुर्ची आहे. ज्याला पटलं त्याने चहा घ्यावा, नाही पटलं त्यानेही घ्यावा.

या फिल्म्स करणारा माणूस युरोपातला. वारून बरीच वर्षं झाली. घरातल्याच वस्तू स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडायचा, चमचा केसभर सरकवायचा, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचा, पुन्हा फोटो. तिकडच्या सरकारला हे काही रुचेना, त्यांनी त्याच्या फिल्म्स दाखवायला बंदी केली. तरी पठ्ठ्या चमचे सरकवतच राहिला. मी एम.एस्सी.ला मुंबईत असताना त्याची एक फिल्म पहिल्यांदा पाहिली. प्रिंट इतकी खराब होती की पडद्यावर उभ्या रेघांशिवाय धड काही दिसत नव्हतं, आणि अर्धं सभागृह उठून गेलं. मी मात्र जागची हलले नाही. या माणसाचं सगळं काम एकदा नीट, स्वच्छ बघायचंच, हे मी त्या दिवशी ठरवलं.

पुढे तिकडच्या कुणीतरी त्याची कुजत चाललेली रिळं शोधून काढली, एकेक चौकट साफ केली, रंग पुन्हा जागेवर आणले आणि त्या फिल्म्सच्या डीव्हीडी काढायला सुरुवात केली. थोड्याच प्रती, संपल्या की संपल्या. माझी एक मैत्रीण त्याच देशात नर्स आहे. ती घेऊन ठेवायची आणि भारतात येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेत जागा मिळवायची. एक तबकडी बाळाच्या दुपट्यात गुंडाळून आली, एक चॉकलेटच्या डब्यात. इंटरनेटवर याच फिल्म्स फुकट सापडतात, नाही असं नाही, पण त्या जुन्या धूसर प्रतींवरून उतरवलेल्या. तुपाच्या हाताने पुसलेल्या चष्म्यातून बघितल्यासारखं दिसतं. मी बिरवाडीला कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, दिवसभर नमुन्यांतली भेसळ शोधते. घरी येऊन पुन्हा गढूळ बघायची माझी तयारी नाही.

असं करत करत सहा तबकड्या जमल्या. सातवी, म्हणजे शेवटची, यंदा जूनच्या सुरुवातीला हातात पडली. ती मी लगेच लावली नाही. इतकी वर्षं वाट बघितलेली गोष्ट स्वयंपाक करता करता थोडीच बघतात? चांगली सुट्टी गाठून, दार लावून, फोन बंद करून बघायची होती. आणि त्याच आठवड्यात पाऊस लागला.

महाडमध्ये तो मोठा पूर येऊन गेल्यापासून आमच्या गल्लीत एक रीतच पडली आहे. जून लागला की सामानाच्या बदल्या होतात. सोनं, घराची कागदं, लग्नाचे अल्बम, जे म्हणून पुन्हा मिळणार नाही ते उंचावरच्या नातेवाइकांकडे जातं आणि पाऊस सरला की परत येतं. कुणाचं काही बिरवाडीत मामाकडे, कुणाचं किल्ल्याच्या बाजूला बहिणीकडे. माझं उंचावरचं माणूस म्हणजे माझी आत्या. पोलादपूरवरून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या घाटाच्या अंगाला एक फाटा फुटतो, तिथून वर चढून गेलं की आमची बौद्धवाडी. माझे वडील तिथलेच. आता त्या घरात आत्या एकटी असते.

तबकड्यांच्या जाड खोक्यांनी डबा भरला असता, म्हणून खोकी मी माळ्यावर ठेवली आणि सातही तबकड्या कागदी पाकिटांत घालून पत्र्याच्या डब्यात बसवल्या. आत्याच्या वाडीची जीप महाडच्या स्टँडबाहेर लागते. ड्रायव्हरच्या हातात डबा दिला आणि चांगलं बजावलं, "आत्याला म्हणावं, जपून ठेव. माझ्या सीड्या आहेत." तो "हो ताई" म्हणाला. तेव्हा त्याचं लक्ष सीट भरण्याकडे होतं.

आता यातली खरी गंमत अशी की महिनाभर आधी आत्याने मला फोन करून जुन्या सीड्या मागितल्या होत्या. पलीकडच्या वाडीत कुणीतरी शेतावर सीड्या टांगल्या होत्या आणि त्यांच्या चकाकीने पाखरं बसत नव्हती. "तुमच्या महाडात पडल्या असतील गो कुनाच्या, धाड की," ती म्हणाली. मी "बघते" म्हटलं आणि विसरून गेले. ड्रायव्हरने वर जाऊन काय निरोप दिला असेल? "भाचीनं सीड्या धाडल्यात." संपला निरोप. बाकीचा चढणीला सांडला.

ऑक्टोबर लागला, पाऊस उघडला आणि एका रविवारी मी डबा आणायला वर गेले. जीप सोडून पायवाटेला लागले. समोरच्या उतारावर आत्याची नाचणी दिसत होती, कणसं भरत आलेली, आणि तिच्यावर काहीतरी लखलखत होतं. मी आपली कौतुकानेच बघत होते, की बाई, आत्याने कुठून तरी सीड्या मिळवल्या. जवळ गेल्यावर एका जोडीच्या फटीतून आतलं चित्र ओळखू आलं. खुर्ची होती.

सातही तबकड्या काठ्यांना टांगलेल्या होत्या. आत्याचं काम पक्कं. दोन-दोन तबकड्या पाठीला पाठ लावून, मधल्या भोकातून सुतळी ओवून बांधल्या होत्या, म्हणजे कुठल्याही अंगाने फिरल्या तरी चमकणार. सातवीला जोडी नव्हती. ती बांधाच्या टोकाला एकटी लटकत होती आणि वारा आला की बांबूवर टकटक आपटत होती.

"आत्ये!" मी इतक्या जोराने ओरडले की खालच्या शेतातला माणूस उभा राहिला. "हे काय करून ठेवलंस?"

आत्या बांधावर बसली होती, एक पाय लांब करून. तिचा गुडघा गेल्या वर्षीच गेला. "काय झालं गो? तूच धाडल्यास ना? तवापासून एक पोपट खाली उतरला नाय बघ."

"अगं त्या माझ्या फिल्मच्या सीड्या आहेत! सांभाळायला दिल्या होत्या!"

"सांभाळायला?" आत्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नाचणीकडे. "मग सांगायचं नाय व्हय तसं?"

मी काही ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. सरळ पहिल्या काठीपाशी गेले आणि गाठ सोडायला लागले. आत्याने मला अडवलं नाही, रागावली नाही. गुडघ्यावर हात देऊन उठली, घरातून पत्र्याचा रिकामा डबा आणि काठी घेऊन आली आणि पुन्हा बांधावर बसली. म्हणजे आता दिवसभर डबा वाजवत राखण करणार. मी विचारलं, "संध्याकाळपर्यंत बसणार तू इथं?"

"मग काय करू? यंदा नाचणी घरात नाय आली तर मला जावं लागंल."

मग तिने सांगितलं. गेल्या वर्षी पाखरांनी आणि माकडांनी मिळून शेत साफ केलं होतं. माझा आतेभाऊ मुंबईत नोकरीला आहे. तो म्हणाला, आता पुरे, माझ्याकडे चल. दोघांचं कडाक्याचं वाजलं आणि शेवटी बोली झाली. यंदाची नाचणी घरात आली नाही तर दिवाळीच्या सुट्टीत आत्या मुकाट मुंबईला जाईल. आली तर त्याने पुन्हा मुंबईचं नाव काढायचं नाही. तो हसत कबूल झाला होता. माकडं जिंकणार याची त्याला खात्री होती.

"मला नाय जायचं गो," आत्या म्हणाली. "त्याचं घर चांगलं हाय, सून चांगली हाय. पन मी तिथं काय करू? खिडकीशी बसू?"

मला खरं तर हे ऐकायचं नव्हतं, कारण आतेभावाने मलाही फोन केला होता. "तू समजाव तिला, तुझं ऐकते," म्हणाला होता. आणि मी "बोलते" म्हणून मोकळी झाले होते. त्याचंही काही चुकीचं नव्हतं. तिचा गुडघा तसा, वर पावसात दरडींची भीती, दवाखाना खाली पोलादपुरात. पण त्या बांधावर उभी राहून, हातात अर्धी सुटलेली सुतळी धरून, मला एकदम कळलं की या घराण्यात जिचं चालणं-बोलणं कुणालाच कळत नाही अशी मी एकटी नाही. मी ती गाठ पुन्हा बांधली. बांधताना रडू येत होतं, रागही येत होता, आणि त्यातच मी ठरवलं की माझ्या तबकड्याही घरी नेईन आणि हिची नाचणीही घरात आणीन.

"आत्ये, तुला चमकणाऱ्या सीड्या हव्यात ना? पुढच्या रविवारी दुसऱ्या आणते. तेव्हा माझ्या द्यायच्या."

"चमकल्या तर देईन," आत्या म्हणाली.

सोमवारपासून मी महाडात सीड्या मागत फिरायला लागले. आता कुणाच्या घरात सीडी लावायचं यंत्रच नाही, पण सीडी टाकून द्यायला मात्र कुणी तयार नाही. प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांना सांगितलं, तर एकाने प्रिंटरसोबत आलेली आणली, एकीने दहावीच्या गाईडबरोबर फुकट मिळालेली. शेजारच्या काकूंनी मुलाच्या बारशाची काढून दिली आणि पुन्हा मागे घेतली, "राहू दे गं, त्याचा आवाज आहे तिच्यात." मग दुपारी स्वतःच घेऊन आल्या. म्हणाल्या, ने, नाहीतरी ऐकणार कशावर? तळ्यावर मार्चमध्ये सत्याग्रहाच्या दिवशी जमणाऱ्या गर्दीत दरवर्षी गाण्यांच्या सीड्या घेतलेल्या असायच्या, त्या आमच्या गल्लीत पुष्कळ निघाल्या.

मोठं घबाड सापडलं ते फोटो स्टुडिओत. मालकाकडे लग्नांच्या न नेलेल्या सीड्यांचं कपाट होतं. तो आधी तयार होईना.

"ताई, लोकांची लग्नं आहेत ही. टांगणार कुठे?"

"नाचणीवर."

"पोरं झाली त्यांना. उद्या कुणी मागायला आलं तर?"

"इतक्या वर्षांत आलं का कुणी?"

त्याने कपाट उघडलं. मग मला एकदा नीट बघून म्हणाला, "दुसऱ्यांच्या लग्नाच्या सीड्या गोळा करण्यापेक्षा स्वतःची एक का नाही काढत?" मी म्हटलं, काढली असती तर तीही तुमच्या कपाटातच पडली असती. यावर तो मनापासून हसला आणि पिशवी भरून दिली. एकच अट घातली, वरची नावं पुसायची. कुणाचं लग्न माकडांसमोर नको. शनिवारी मी सबंध संध्याकाळ स्पिरिटच्या बोळ्याने नवरा-नवरींची नावं पुसत बसले.

रविवारी पिशवी आत्यापुढे ओतली. आत्याने बाजारात वांगी निवडावीत तशी एकेक सीडी उचलली, उन्हात धरली, तिरकी केली, स्वतःचे डोळे दिपतात का बघितलं. लग्नांच्या सीड्या तिच्या मनास येईनात. "ही निळी मरतुकडी. हिला कोन भिनार? तुझ्या कशा पांढऱ्या लखलखीत हायत."

"आत्ये, आता पलटू नको."

"पलटत नाय. पन तुझ्या एकीला ह्या दोन."

"घे दोन."

गाण्यांच्या सीड्यांवर साहेबांचा फोटो होता. त्या तिने कपाळाला लावून बाजूला काढल्या. "ह्या नाय टांगायच्या. ह्या घरात ऱ्हातील." ते बरोबरच होतं. दुपारपर्यंत आम्ही दोघी सुतळ्या ओवत बसलो. मध्येच तिने विचारलं की तुझ्या सीड्यांत असं हाय तरी काय. मी खुर्चीची गोष्ट सांगितली. आत्या हसली नाही आणि अर्थही विचारला नाही. हातातली सुतळी ओवून घेतली आणि म्हणाली, "तिच्या बाळंतपनाला कोन होतं जवळ?"

इतक्या वर्षांत त्या फिल्मबद्दल मला कुणी विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न. मी म्हटलं, एक जुनं टेबल होतं. "मग बरं," आत्या म्हणाली आणि पुढची गाठ मारली.

माझ्या सातही तबकड्या घेऊन मी खाली आले. कोमट पाण्यात साबणाचा थेंब, मऊ फडकं, आणि पुसायचं ते मधून कडेकडे, सरळ रेघेत. नमुन्याच्या काचेला जितकी जपते तितकं जपून पुसलं. सहा तबकड्या चालल्या. कुठे कुठे अडखळतात, पण चालतात. सातवी शेवटी ठेवली होती. दार लावलं, फोन बंद केला, अगदी ठरवलं होतं तसं. पहिल्याच फिल्ममध्ये बटाट्यांचं लग्न होतं. रंग असे की वाटावं, आत्ता बाजारातून आणलेत. मुंडावळ्या नव्हत्या, पण वरबटाट्याच्या डोक्यावर बाटलीच्या झाकणाची टोपी होती. तो नवरीकडे निघाला, त्याने पाऊल उचललं आणि चित्र तिथंच थांबलं. मी तबकडी पुन्हा पुसली, पुन्हा लावली. तिथंच. पुढच्या फिल्मवर जायला गेले तर पडदा काळा. बांबूवर आपटून आपटून तिच्या मधल्या भोकापासून कडेपर्यंत चरा खोल गेला होता. मी खूप रडले. शरम कशाची? इतकी वर्षं वाट बघितली होती. मैत्रिणीला फोन केला, तर ती म्हणाली, त्या तबकडीच्या प्रती संपल्या, पुन्हा काढणार नाहीत. मी म्हटलं, कुणाच्या तरी कपाटात असेलच, शोधत राहा. तीही शोधते आहे आणि मीही. सोडणार नाही.

आत्याने फोनवर विचारलं, "चालल्या ना गो सगळ्या?" मी "चालल्या" म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीत आतेभाऊ वाडीत आला. "तूही ये," असा त्याचा फोन होता, म्हणून मीही गेले. अंगणात कापलेली कणसं वाळत पडली होती आणि ओटीवर झोडलेल्या नाचणीची पोती उभी होती. डोंगरभर काही पिकलं नव्हतं, पण आत्याच्या वर्षाच्या भाकरीला पुरेल इतकं होतं. आणि पोत्यांच्या शेजारी चाकांची एक मोठी बॅग होती. आतेभावाने आल्या आल्या आत्याची लुगडी तिच्यात भरूनही टाकली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"यंदा झालं गं नशिबाने," तो म्हणाला. "सीड्या टांगून झालं. याला काय शेती म्हणायची? पुढच्या वर्षी गुडघा आणखी जाईल. मी तिकडे, ती इकडे, मला झोप लागत नाही. तू सांग तिला. तू बोलणार होतीस ना?"

आत्या खांबाला टेकून बसली होती. तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी काय बोलणार होते ते तिला आत्ता कळलं होतं.

"बोलणार होते," मी म्हटलं. "आता नाही बोलणार. तू बोली केली होतीस. नाचणी घरात आली तर आत्या इथं. आली आहे. पोत्यात हात घालून बघ."

"तुला काय जातंय बोलायला? तू खाली महाडात. तुझ्या डोक्यात त्या तुझ्या खुर्च्या-टेबलं."

मग मात्र माझं डोकं फिरलं. "मला काय जातंय? माझी एक तबकडी या नाचणीत गेली. पुन्हा न मिळणारी. म्हणून या पोत्यांबद्दल बोलायचा मला हक्क आहे, तुझ्याइतकाच. पुढच्या वर्षी कणसं भरली की मी रजा टाकून येईन राखणीला. गुडघ्याचं औषधपाणी मी बघेन, पोलादपूरला दवाखान्यात मी नेईन. तू दर महिन्याला ये आणि झोपून जा इथं, म्हणजे तुलाही झोप लागेल. पण ती बॅग उघड."

आतेभाऊ पोत्याकडे बघत राहिला. मग आत्याने हळूच विचारलं, "तू तर म्हनालीस सगळ्या चालल्या."

"खोटं बोलले, आत्ये."

आत्या गुडघ्यावर हात देऊन उठली. अंगणात जाऊन वाळत घातलेल्या कणसांतून तिने निवडायला सुरुवात केली. घट्ट मुठीची, भरलेली, किडकं एकही नाही अशी. घाई अजिबात नव्हती. ओंजळभर कणसं जमली तशी त्यांची जुडी केली, सुतळीने बांधली आणि आत येऊन मुलासमोर धरली.

"हे काय?" तो म्हणाला.

"पुढल्या सालचं बी. वर वाशाला बांध. माझा हात पोचत नाय."

तो तसाच उभा राहिला. डोळे भरून आले होते त्याचे, आणि माझेही. आत्याचा हात मात्र पुढेच होता, तिने तो खाली घेतला नाही. शेवटी त्याने जुडी घेतली, बॅग पायाने बाजूला सरकवली, तिच्या जागी पाट ठेवला आणि वर चढला.

"घट बांध," आत्या खालून म्हणाली. "जूनपर्यंत ऱ्हायला पायजे."